सीपरी, सदर आणि सरलाताईंचा कॅमेरा

झाशीत माणिक चौकाच्या अलीकडे एक फोटो स्टुडिओ होता. पाटी यज्ञेश्वरकाकांच्या नावाची होती, पण काका जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि कॅमेऱ्याच्या काळ्या कापडामागे उभ्या राहायच्या त्या त्यांच्या कन्या, सरलाताई. गावात त्यांना सगळे ‘फोटोवाली दीदी’ म्हणत. आम्ही चार मराठी घरंच काय ती ‘ताई’ म्हणायचो.

त्यांचं लग्न ग्वाल्हेरला झालं होतं. नवरा टायफॉइडनं गेला आणि त्या माहेरी परत आल्या तेव्हा पंचविशीच्याही नव्हत्या. घरात बायका रडत होत्या, कोणी उपास सांगत होतं, कोणी पोथी. काकांनी काहीच सांगितलं नाही. एक दिवस त्यांनी लेकीच्या हातात बारीक टोक केलेली पेन्सिल दिली आणि एक निगेटिव्ह समोर ठेवली. म्हणाले, “या बाईंच्या गालावर देवीचे वण आहेत. पुसून टाक. पण बाई तीच राहिली पाहिजे.” तिथून ताई फोटोच्या कामात शिरल्या त्या कायमच्या. पडद्यातल्या घरांमधून बोलावणी यायला लागली, कारण तिथल्या सुनांसमोर पुरुष फोटोग्राफर चालत नसे. काका गेल्यावर दुकान बंद होईल असं लोकांना वाटलं होतं. ते झालं नाही.

ताईंचा धाकटा भाऊ मधुसूदन माझ्याबरोबर रेल्वेच्या कचेरीत कारकून होता. साधा, मऊ माणूस. साहेबासमोर मान वर करायचा नाही. पण फुटबॉलचा सामना असला की त्याच्या अंगात कोण येई देव जाणे. आमचा संघ ‘सीपरी इलेव्हन’. सीपरी बाजार म्हणजे रेल्वेचा भाग. समोर ‘सदर युनायटेड’, म्हणजे सदर बाजार, छावणीचा भाग. या दोघांची गाठ पडली की मैदानाभोवतीच्या दोरीच्या दोन्ही बाजूंना आवाज बसेपर्यंत ओरडणं ठरलेलं. मधू आमच्यातला सगळ्यात मोठा ओरडणारा.

ऐंशीच्या हिवाळ्यात कपच्या अंतिम सामन्याला ते ओरडणं हाताबाहेर गेलं. एक गोल पंचांनी दिला, मग लाइनवाल्याशी बोलून परत घेतला. आधी बाटल्या आल्या, मग विटा. दोरी तुटली. खेळणारे बिचारे मध्यभागी जीव मुठीत धरून उभे आणि मारामारी आम्हा बघणाऱ्यांची. त्या गर्दीत मधू पडला आणि त्याचं उजवं मनगट मोडलं. दवाखान्यात विचारलं कोणी ढकललं, तर तो म्हणाला, “सदरवाल्या खंडूनं.”

हा खंडू म्हणजे फौजेतला हवालदार. साताऱ्याकडचा, खटाव तालुक्यातला. बदली होऊन झाशीला आला होता आणि छावणीत राहतो म्हणून सदरचा झाला होता. धिप्पाड गडी, पण बोलायला एकदम हळू. त्या सामन्याच्या कितीतरी आधी त्याची बायको पुष्पा एकदा गावी पाठवायला फोटो काढायला म्हणून दुकानात आली. ताई आतल्या बाईला म्हणाल्या, “अगं, मुदपाकखान्यातून पाणी आण,” आणि पुष्पा डोळे मोठे करून बघतच राहिली.

“अगं बाई, तुमी मराठी? आनि मुदपाकखाना? ताई, राजवाड्यात राहता का काय?”

“आमच्याकडे असंच म्हणतात गं. तू बैस. इतकी दूर पैदल आलीस का?”

“पैदल!” पुष्पा पदर तोंडाला लावून हसायला लागली. “निम्मं पेशव्याचं, निम्मं हिंदीचं. लई गोड बोलता.”

तेव्हापासून ती दर आठवड्याला यायची. झाशीत तिला बोलायला कोणी नव्हतं. आणि खरं सांगायचं तर ताईंनाही नव्हतं. पुष्पानं त्यांना खर्डा करायला शिकवला, ताईंनी तिला ज्वारीऐवजी गव्हाची भाकरी गोड मानून घ्यायला. मधूचा हात मोडला आणि त्याच्या तोंडून खंडूचं नाव निघालं, त्यानंतर पुष्पा आली नाही. ताईंनीही निरोप धाडला नाही. काय धाडणार? एकीकडे पाठचा भाऊ, गळ्यात हात बांधून बसलेला. दुसरीकडे ती. ताई कामाला लागल्या, पण त्या वर्षात त्यांनी दुकानात चहाचा दुसरा कप बाहेर काढला नाही, असं त्यांनीच मला पुढे सांगितलं.

त्या दंग्यानंतर कप बंद झाला. परवानगी देणारे अधिकारी म्हणाले, पुन्हा डोकी फुटायला नकोत. दोन्ही संघांची पोरं वर्षभर नुसती सराव करत राहिली. तेव्हा बापूराव पुढे झाले. बापूराव आमचे जुने ड्रिल मास्तर, निवृत्त झालेले. त्यांची शिट्टी दोन्ही बाजारांत चालायची. ते म्हणाले, “खेळणारे भांडतच नाहीत. भांडतात बघणारे. मग एकदा बघणाऱ्यांनाच खेळवू या. पोरं बसतील दोरीपाशी.”

म्हणजे सीपरीचे पाठीराखे विरुद्ध सदरचे पाठीराखे. दोस्तीचा सामना, किल्ल्याखालच्या मैदानावर, कारण ते ना यांचं ना त्यांचं. अधिकाऱ्यांनी एवढंच सांगितलं की सामना नीट पार पडला आणि दोन्ही बाजू एकत्र उभ्या असलेला फोटो त्यांच्या टेबलावर आला, तर कपचा विचार करू.

बापूराव दुकानात आले तेव्हा मी तिथेच होतो.

“मला सांगू नका,” ताई म्हणाल्या. “मधू गोलात उभा राहणार आहे. समोर खंडूभाऊ. मी कॅमेऱ्यातून काय बघू? भावाचा दुसरा हात मोडताना?”

“सरला, दुसरा कोणी फोटोग्राफर आणला तर एक बाजू म्हणेल तो त्यांचा आहे. तू दोन्ही बाजारांतल्या सुनांचे फोटो काढलेस. तुला कोण काय म्हणणार?”

ताईंनी हातातली निगेटिव्ह बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, “मधूला खेळू नको म्हणा.”

“म्हटलं. ऐकत नाही.”

“मग यावंच लागेल.”

माघातला रविवार होता. ऊन चांगलं होतं, वारा गार. ताई पांढऱ्या साडीवर काकांचा जुना कोट घालून आल्या. गळ्यात पस्तीस मिलिमीटरचा रशियन कॅमेरा, लग्नाच्या वरातींसाठी घेतलेला. त्या गोलाच्या मागे बसून त्यात फिल्म भरत होत्या आणि शेजारी मधू दातात टोक धरून मनगटाला क्रेप पट्टी गुंडाळत होता. ताईंची नजर कॅमेऱ्यावर कमी आणि त्या पट्टीवर जास्त होती.

“दुखतंय?”

“नाही गं.”

“घट्ट बांध. आणि पुढे धावून येऊ नकोस. चेंडू गेला तर जाऊ दे.”

“ताई, गोलकीपरला कोणी असं सांगतं का?”

सामना सुरू झाला आणि पहिल्या दहा मिनिटांतच भीती निम्मी उतरली, कारण तो सामना बघून रागावणं कोणालाच जमेना. आमच्याकडून सीपरीतले एक हलवाई पुढे खेळत होते, पोट सावरत. सदरच्या टेलर मास्टरांनी पायजम्याला सायकलच्या क्लिपा लावल्या होत्या. मी बॅकला होतो आणि एकदा उडवायला गेलो तेव्हा चेंडूऐवजी माझी चप्पलच मैदानाबाहेर गेली. दोरीपलीकडे आमचे खरे खेळाडू हसून हसून आडवे झाले होते आणि वर्षानुवर्षं आम्ही त्यांना ज्या शिव्या घातल्या त्या एकेक परत करत होते. “अरे चाचा, पैर से मारो, पेट से नहीं!”

टेलर मास्टरांनी गोल केला. खरं तर चेंडू त्यांच्या गुडघ्याला लागून आत गेला, पण ते दोन्ही हात पसरून असे धावले की जणू दिल्ली जिंकली. मध्यंतरानंतर हलवायांनी बरोबरी केली. ताई मैदानाच्या कडेनं कोट सावरत पळत होत्या, बसत होत्या, उठत होत्या, एकामागून एक फोटो घेत होत्या. समोरच्या दोरीशी पुष्पा उभी होती. दोघींनी एकमेकींना पाहिलं होतं आणि दोघींनी नजर दुसरीकडे वळवली होती.

सामना संपत आला असताना सदरच्या उजव्या बाजूनं एक उंच चेंडू आला. मधू, ताईंनी सांगितलेलं सगळं विसरून, पुढे धावला आणि उडाला. त्याच चेंडूवर खंडू डोकं लावायला उडाला. दोघे हवेत एकमेकांवर आदळले. खाली आले तेव्हा मधू खाली आणि वर तो डोंगर.

मधूनं उजवं मनगट छातीशी धरलं होतं.

मग आमच्या बाजूनं कोणीतरी ओरडलं, “फिर इसी ने मारा! पिछली बार भी यही था!”

दोरी खाली गेली. आमची माणसं आत यायला लागली, तिकडून त्यांची. मी हलवायांच्या तोंडाकडे पाहिलं. मघाशी हसणारा माणूस आता मुठी वळून उभा होता. माझ्याही हातांच्या मुठी झाल्या होत्या, हे मला नंतर कळलं. बापूराव शिट्टी फुंकत होते आणि ती कोणी ऐकत नव्हतं.

ताई कॅमेरा छातीशी धरून धावल्या. त्या सगळ्यांच्या आधी पोचल्या आणि पोचून थबकल्या.

खंडू गुडघ्यांवर बसला होता. त्यानं मधूचा हात आपल्या दोन्ही तळव्यांत घेतला होता, पाखराचं पिल्लू धरावं तसा.

“बोटं हालवा,” तो म्हणाला. “एकेक. आंगठा आधी. हालतोय का?”

मधूनं अंगठा हलवला. मग बाकीची बोटं. मग मूठ केली, उघडली, पुन्हा केली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण तो हसत होता.

“हलतंय,” तो म्हणाला. “ताई, सगळं हलतंय! श्वास अडकला होता नुसता.” आणि मग उठून बसत, आपल्या त्या प्रसिद्ध आवाजात, “कुछ नहीं हुआ भैया! सब ठीक है! बैठ जाओ सब!”

ताई तिथेच मातीत बसल्या.

गडबडीत चेंडू गोलात जाऊन पडला होता हे मग कोणाच्या तरी लक्षात आलं. बापूरावांनी तो जाताना पाहिला नव्हता. पुन्हा कुजबुज सुरू झाली. गेल्या वर्षीचंच दुखणं! पण खंडूच उठून पंचांकडे गेला.

“मास्तर, मी तेंच्या अंगावर पडलो. फाऊल हाय. गोल न्हाई.”

सदरच्या बाजूनं एक मोठा उसासा आला, आणि मागोमाग टाळी. टाळी वाजवणारे पहिले टेलर मास्टर होते, कारण आता सदरचा एकमेव गोल त्यांचाच राहणार होता. सामना एक-एक असा सुटला.

बापूरावांनी दोन्ही बाजूंना एकत्र उभं केलं. मागे उंच, पुढे बसके, हलवाई मधोमध. ताईंनी एक फोटो घेतला, फिल्म पुढे ओढली, दुसरा घेतला, पुन्हा ओढली. मग त्यांचा हात थांबला. एव्हाना फिल्म संपायला हवी होती. पण फिल्म ओढायचा खटका अजूनही खुशाल सरकत होता. त्यांनी कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूची चकती बोटानं फिरवून पाहिली. फिल्म पुढे सरकली की ही चकती आपोआप फिरते. ती सैल होती. दुपारभर ती फिरलीच नव्हती. मधूच्या पट्टीकडे बघत भरलेली फिल्म आतल्या चाकाच्या दात्यांत अडकलीच नव्हती आणि सगळा सामना ताईंनी रिकाम्या कॅमेऱ्यानं टिपला होता.

त्यांचा चेहरा पाहून मी जवळ गेलो. “काय झालं?”

“जनार्दन, एकही आलेला नाही,” त्या हळूच म्हणाल्या. “एकही फोटो नाही.”

मी म्हटलं, बोलू नका, निदान शेवटचे दोन आले म्हणून सांगा. त्यांनी नकारार्थी मान हलवली. त्या उभ्या राहिल्या आणि समोरच्या सगळ्या माणसांना हिंदीत म्हणाल्या, “मुझसे गलती हो गई. फिल्म चढ़ी ही नहीं थी. पूरे मैच का एक भी फोटो नहीं आया.”

हसावं की रागवावं, हे ज्याला त्याला शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरवायचं होतं.

“मतलब,” टेलर मास्टर खोल आवाजात म्हणाले, “मेरा गोल भी नहीं?”

दोरीपाशी पुष्पाला हसू फुटलं. ती आधी पदरात हसली, मग पदर सुटला आणि ती पोट धरून हसायला लागली. तिच्या पाठोपाठ खेळाडू, मग हलवाई, मग सगळं मैदान.

“तो फिर से करो!” कोणीतरी ओरडलं. “गोल फिर से करो!”

ताई बापूरावांकडे वळल्या. “मास्तर, हे चालेल? साहेबांना खोटं वाटणार नाही?”

“खोटं काय त्यात? माणसं तीच, मैदान तेच, चेंडूही तोच. आणि पुन्हा करताहेत ते आपल्या खुशीनं. साहेबांना याहून जास्त काय हवं? पण ऊन बघ, सरला.”

ऊन किल्ल्याच्या मागे निघालं होतं. ताईंनी कॅमेऱ्याची पाठ उघडली. फिल्म जागच्या जागी, कोरीच होती. या वेळी त्यांनी ती नीट भरली, चकती फिरते की नाही ते दोनदा पाहिलं, आणि आधी सगळ्यांचा एकत्र फोटो घेतला, कारण तो गेला असता तर सगळंच गेलं असतं. मग गोल. टेलर मास्टरांनी आपला गोल पहिल्याच फटक्यात केला, आणि या खेपेला गुडघ्यानं नाही, चांगला पायानं. हलवायांचा मात्र जाईना. सदरचा गोलकीपर बाजूला सरकून वाट मोकळी करून देई, तरी चेंडू दांड्याला लागून बाहेर. शेवटी सदरच्या दोघांनी त्यांना धरून नेम साधून दिला.

“अब वो टक्कर,” टेलर मास्टर म्हणाले. “वो तो चाहिए ही.”

मधू मातीत आडवा झाला. खंडू गुडघ्यांवर बसला आणि त्यानं पुन्हा त्याचा हात धरला. उजेड फार कमी राहिला होता. ताई म्हणाल्या, “शटर मंद ठेवावं लागेल. श्वाससुद्धा हळू घ्या. हलायचं नाही.” आणि त्या अगदी जवळ, ढोपर टेकून बसल्या. मी शेजारीच उभा राहून मागून पुढे सरकणाऱ्या माणसांना थोपवत होतो, म्हणून पुढचं मला ऐकू आलं.

मधू खंडूकडे न बघता, आकाशाकडे बघत म्हणाला, “गेल्या साली मला कोणी ढकललं ते मी पाहिलंच नव्हतं. गर्दीत ओळखीचं तोंड तेवढं तुमचं होतं. दवाखान्यात विचारलं, तर तेच नाव तोंडातून निघालं. मग परत घेता येईना.”

“ठावं हाय मला,” खंडू म्हणाला. “मी तुमच्यापासून चार हात लांब हुतो.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोलून हात जुळला असता का?”

“भाऊ, बोलू नका,” ताई म्हणाल्या. “हलतंय सगळं.” त्यांनी कोपर गुडघ्यावर रोवलं, श्वास धरला, आणि तो फोटो घेतला.

फिल्म संपली तेव्हा पुष्पा मैदान ओलांडून आली. तिनं ताईंच्या कोटाला लागलेली माती झटकली. “ताई, येवढ्या शिकलेल्या फोटोग्राफर, आनि रिकामा डबा घिऊन पळत हुता व्हय दिवसभर?”

“हो गं,” ताई म्हणाल्या. “ये ना उद्या. फिल्म धुणार आहे. मला एकटीला बघायचा धीर नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी अंधाऱ्या खोलीत होत्या. मी कचेरीत जायच्या आधी डोकावलो तर दार बंद, आतून मराठीत हसण्याचे आवाज. थोड्या वेळानं ताई ओली फिल्म चिमट्याला लावून बाहेर आल्या आणि त्यांनी ती खिडकीसमोर धरली. सगळे आले होते. एकही कोरा नव्हता. टक्करीचा किंचित हलला होता. खंडूचा चेहरा स्वच्छ आणि मधूचं तोंड पुसट, बोलता बोलता धरल्यासारखं. ताईंनी तो मोठा करून दुकानाच्या दर्शनी काचेत लावला. अधिकाऱ्यांच्या टेबलावर एकत्र फोटो गेला, आणि पावसाळा सरल्यावर कप सुरू झाला. आम्ही पुन्हा दोरीशी उभे राहून ओरडलो. फक्त पूर्वीसारखं आईवरून कोणी ओरडेना, कारण आता समोरच्या दोरीतला माणूस ओळखीचा होता.

त्याच्या आधी, उन्हाळा तापायच्या सुरुवातीला, आम्ही सगळे बसनं झाशीजवळच्या बरुआसागरला गेलो होतो. खंडूची बदलीची ऑर्डर आली होती आणि पुष्पाला तलाव बघायचा होता. ताईंनी त्या दिवशी कॅमेरा घरीच ठेवला. म्हणाल्या, आज मला नुसतं बघायचं आहे. बाजारात आलं घेतलं, शेंगा घेतल्या आणि पाण्याकडेला जाऊन बसलो. मधू आणि खंडू पायऱ्यांवर खडे मांडून ऑफसाइडवरून वाद घालत होते. आवाज चढायला लागला तेव्हा मी ताईंकडे पाहिलं, त्या काही म्हणतात का म्हणून. त्यांचं लक्षच नव्हतं. पुष्पा त्यांना शेंगा सोलून देत होती, आणि त्या पाण्यात पाय सोडून, डोळे मिटून, एकेक दाणा तोंडात टाकत होत्या.